शहापूर परदेश असतं तर: कल्पनेतला देश कसा रचतात

माझी आजी शहापूरची. कपिलेश्वराच्या देवळावरून रविवार पेठेत यायला तिला फार चालावं लागायचं नाही, पण पिशवी घेऊन बाहेर पडताना ती सांगून जायची, “बेळगावात जाऊन येतो गं.” लहानपणी मला याचं नवल वाटायचं. आपण बेळगावातच तर राहतो, मग बेळगावात जायचं म्हणजे काय? विचारलं तर म्हणायची, “शहापूर सांगलीकरांचं, बेळगाव साहेबाचं. आमच्या वेळेला तसंच होतं की.”

आणि ते खरोखर तसंच होतं. आज शहापूर म्हणजे बेळगावचा एक भाग, पण १९४८ पर्यंत तो सांगली संस्थानाचा मुलूख होता. राजधानी शंभराहून जास्त किलोमीटर दूर, मधे इंग्रजी मुलूख, दुसऱ्यांची संस्थानं, पुन्हा इंग्रजी मुलूख. आजीच्या ट्रंकेत पणजोबांच्या घराचं खरेदीखत होतं. वर सांगली संस्थानाचा शिक्का, खाली मोडीतला मजकूर, घड्यांवर कागद विरलेला. दोन पेठांमधल्या रस्त्यावर कधीकाळी हद्द होती, याचा आमच्या घरातला पुरावा तेवढाच.

अलीकडे पोरं मोबाईलवर ‘असं झालं असतं तर’ या धर्तीचे नकाशे बघतात. एखादा प्रांत फुटून स्वतंत्र देश झालेला, त्याचा झेंडा, त्याची राजधानी, त्याच्या लढाया. याला पर्यायी इतिहास म्हणतात, म्हणजे जर-तरचा इतिहास. माझा भाचा विचारतो, “मामा, हे नुसतं मनाचं लिहितात का, की याला काही शास्त्र असतं?” शास्त्र म्हणण्यापेक्षा शिस्त असते असं मी म्हणेन. ती शिस्त समजावून घ्यायला बेळगाव-शहापूरसारखी जागा शोधून सापडायची नाही.

आपल्याला जर-तर नवं नाही. पानिपत जिंकलं असतं तर, थोरले माधवराव आणखी वीस वर्षं जगले असते तर, यावर कट्ट्यावर रात्री निघतात. पण तो बहुतेक वेळा मनातला सल असतो. आपल्याला काय हवं होतं ते आपण बोलतो, आणि पुढचं सगळं आपोआप चांगलं होतं असं धरून चालतो. जर-तरचा इतिहास नीट रचायचा तर तसं चालत नाही. रस्त्याला फाटा असतो तसा इतिहासाचा एकच फाटा धरायचा. एकच गोष्ट बदलायची, तीही अशी की त्या काळच्या माणसांच्या हातात खरोखर होती. मग मात्र आपल्याला आवडो न आवडो, कारणामागून परिणाम येत जातात तिकडे निमूट जायचं. मीठ कुठून येतं, पगार कोण देतं, पाणी कुणाच्या गावातून वाहत येतं, याची उत्तरं द्यायची. झेंडा सगळ्यात शेवटी.

फुटून निघालेला देश म्हणजे काय, याचा एक ढोबळ हिशेब जगात मानला जातो. १९३३ साली मोंटेव्हिडिओ इथे झालेल्या करारात चार गोष्टी सांगितल्या आहेत. कायम राहणारी माणसं, ठरलेली जमीन, कारभार करणारं सरकार आणि दुसऱ्या देशांशी व्यवहार करण्याची ताकद. पहिल्या तीन गोष्टी घरच्या घरी जमवता येतात. चौथीपाशी भलेभले अडकतात. अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं १८६०-६१ मध्ये फुटली तेव्हा त्यांची भिस्त कापसावर होती. आमच्या कापसाशिवाय इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील, मग इंग्लंड आम्हाला मान्यता देईलच, असा त्यांचा होरा. इंग्लंडने मान्यता दिली नाही. कापूस मिळवला तो मात्र हिंदुस्थानातून. त्या चार वर्षांत धारवाडकडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. सातासमुद्रापलीकडे एक देश फुटायला बघत होता आणि त्याचे पैसे आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या आणि त्याहून जास्त सावकाराच्या हातात खुळखुळत होते. फुटलेल्या देशाचा इतिहास त्याच्या हद्दीत मावत नाही तो असा.

आता आपला फाटा धरू. यासाठी काही बनवावं लागत नाही, कारण असा फाटा खरोखर आला होता. इंग्रज जाणार हे दिसू लागल्यावर आपल्या भागातल्या दक्षिणी संस्थानिकांनी एकत्र येऊन एक संघ करायचा घाट घातला. राजांनी गांधीजींचा सल्ला घेतला, चर्चा झाल्या, आणि १९४७ मध्ये आठ संस्थानांनी करारही केला: औंध, भोर, फलटण, सांगली, मिरजेची थोरली आणि धाकटी पाती (पाती म्हणजे वाटणीत आलेला हिस्सा), कुरुंदवाडची थोरली पाती आणि रामदुर्ग. हा संघ भारतातच राहणार होता, फुटून निघायचा विचार त्यात नव्हता, हे नीट लक्षात ठेवा. पण तोही टिकला नाही. कोल्हापूर या सगळ्यांत मोठं, ते बाहेरच राहिलं. प्रजेतल्या कार्यकर्त्यांना राजांचा संघ नको, सरळ मुंबई प्रांतात विलीनीकरण हवं होतं. ८ मार्च १९४८ ला दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात गेली आणि १ मार्च १९४९ ला कोल्हापूरही गेलं.

आपण बदलणार आहोत ते एवढंच: कोल्हापूर या संघात आलं, आणि सगळ्यांनी मिळून भारतात सामील व्हायच्या कागदावर सही केली नाही. या कल्पनेतल्या देशाला आपण नुसतं ‘संघ’ म्हणू. इथून पुढचं जे आहे ते घडलेलं नाही. पण ज्या जमिनीवर ते रचतोय ती खरी आहे.

पहिलीच अडचण नकाशाची. आजीची गोधडी बघितली असेल तर हा देश तुम्ही बघितलात. भोर पुण्याच्या दाराशी, फलटण नीरेकाठी. सांगलीचं शहापूर बेळगावाला चिकटलेलं, तेरदाळ कृष्णेकडे, शिरहट्टी पार गदगजवळ. मिरज थोरल्या पातीचं लक्ष्मेश्वरही तिकडेच. कोल्हापूरचं रायबाग आणि कटकोळ बेळगाव जिल्ह्याच्या पोटात. रामदुर्ग मलप्रभेकाठी. इंग्रजांच्या राजवटीत हे चालून गेलं, कारण सगळ्यांच्या डोक्यावर एकच छत्र होतं. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना कुणी अडवत नव्हतं. छत्र काढा आणि प्रत्येक टाक्याला आंतरराष्ट्रीय सीमा आली.

असल्या तुकड्यांमध्ये माणसं कशी राहतात याचा खराखुरा दाखला आपल्याच देशात होता. कूचबिहार आणि बांगलादेशाच्या सीमेवर एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाची गावं होती. बांगलादेशाच्या आत भारताची १११, भारताच्या आत बांगलादेशाची ५१. घरापासून हाकेच्या अंतरावर शाळा, पण ती दुसऱ्या देशाची. दवाखाना दुसऱ्या देशाचा. पोलीस ना इकडचे ना तिकडचे. पोरांना शाळेत घालायला खोटे पत्ते द्यावे लागत. ३१ जुलै २०१५ ला ही अदलाबदल झाली. म्हणजे फाळणीनंतर ६८ वर्षं तिथल्या माणसांनी गोधडीच्या टाक्यांवर दिवस काढले.

आता संघाच्या पहिल्या वर्षातलं शहापूर डोळ्यांसमोर आणा. शहापूर विणकरांचं गाव, शहापुरी साड्यांचं. मागावर बसलेल्या माणसाला रोज काय लागतं? सूत लागतं, रंग लागतो, आणि विणून झालेली साडी विकायला बाजार लागतो. सूत येणार रेल्वेने बेळगावात. बाजार बेळगावात. म्हणजे सूत आत येताना एकदा जकात, तेच सूत साडी होऊन बाहेर जाताना पुन्हा जकात. काल ज्या रस्त्यावरून पोरगं डोक्यावर बाचका घेऊन पळत जायचं, तिथे आज आडवा बांबू, पत्र्याची टपरी आणि वहीत लिहिणारा शिपाई. विणकराची मजुरी दिवसाला जेमतेम, त्यात अर्धा दिवस नाक्यावर गेला तर माग रिकामा. महिन्याभरात माणसं बोळाबोळांतून सूत आणायला शिकली असती. त्याला सरकार तस्करी म्हणालं असतं आणि पेठेतली माणसं पोट भरणं म्हणाली असती.

झेंडा आणि लढायांनी सुरू होणारे नकाशे मला पटत नाहीत ते यासाठी. सीमा सैनिकाला कळायच्या आधी सूत वाहणाऱ्या पोराला कळते. सून माहेरी निघाली की तिला कळते. बेळगावची मुलगी शहापुरात दिलेली, आता बाळंतपणाला जायला परवाना हवा.

मीठ. ही संघाची खरी नाडी. एवढ्या मोठ्या गोधडीला समुद्राचा एक टाका नाही. सावंतवाडीला बरोबर घेतलं असतं तरी वेंगुर्ला बंदर इंग्रजांनी १८१२ सालीच सावंतवाडीकरांकडून काढून घेतलेलं. खाली गोवा, तो पोर्तुगीजांकडे. म्हणजे मीठ, रॉकेल, यंत्रं, जे जे म्हणून बोटीने येतं ते भारताच्या नाहीतर पोर्तुगालच्या परवानगीने येणार.

हे नुसतं तर्काने बोलत नाही. हैदराबादच्या निजामाकडे काय नव्हतं? स्वतःचं चलन, स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, या सगळ्या दक्षिणी संस्थानांना खिशात घालील एवढा मुलूख. नव्हता तो फक्त समुद्र. म्हणून पोर्तुगीजांकडून मुरगाव बंदर मिळवायची खटपट हैदराबादने केली होती. आता नकाशा उघडा आणि हैदराबादहून मुरगावला जाणारी रेल्वे बघा. ती हुबळीवरून लोंढ्याला येते, तिथून कॅसलरॉक, आणि मग घाट उतरून गोव्यात. लोंढा म्हणजे आपला खानापूर तालुका. निजामाच्या स्वातंत्र्याचा रस्ता आपल्या खानापूरच्या जंगलातून जात होता आणि तो भारताच्या ताब्यात होता. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. आपल्या संघाने ते बघितलं असतं आणि त्यांच्या पोटात गोळा आला असता.

आफ्रिकेतला बियाफ्रा नायजेरियातून १९६७ मध्ये फुटला. त्यांच्याकडे तेल होतं, शिकलेली माणसं होती, सैन्य होतं. पण पोर्ट हारकोर्ट हे बंदर १९६८ मध्ये हातचं गेलं, नाकेबंदी आवळत गेली, अन्न संपलं, मीठसुद्धा मिळेनासं झालं. फुगलेल्या पोटाच्या लेकरांचे ते फोटो जगाने बघितले. मान्यता देणारे देश एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जानेवारी १९७० मध्ये तो देश संपला. कल्पनेतला देश रचणाऱ्या प्रत्येकाने ही लेकरं डोळ्यांसमोर ठेवून लिहावं असं मला मनापासून वाटतं.

संघाच्या हातात काहीच नव्हतं असं मात्र नाही. एक हुकमाचं पान होतं: मिरज. पुण्याहून बेळगाव, लोंढा, हुबळी करत खाली जाणारी रेल्वे मिरजेवरून जाते. मिरज संघात, म्हणजे ही वाट अडवता येणार. पण भारताने काय केलं असतं? वाहतूक सोलापूरकडे वळवून होटगी, विजापूर, गदग अशी फिरवली असती. फेरा पडला असता, खर्च वाढला असता, पण काम थांबलं नसतं. उलट मिरजेचा हमाल, गाडीवान, खानावळवाला रिकाम्या फलाटावर बसला असता. ज्याच्याकडे दुसरा रस्ता आहे त्याला आपला रस्ता बंद करून नमवता येत नाही.

पाण्याची गंमत आणखी खोल आहे. आपल्या भागातल्या मोठ्या नद्या घाटमाथ्यावरून पूर्वेला वाहतात. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी कोल्हापूरच्या मुलखातून बेळगाव जिल्ह्यात उतरतात, म्हणजे तिथे संघ वरच्या अंगाला. चिकोडी, संकेश्वरकडच्या शेतकऱ्याचं पाणी संघाच्या हातात. मलप्रभेचं उलट. ती खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवते, भारतातून वाहत वाहत रामदुर्गला पोचते. तिथे संघ खालच्या अंगाला. सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाला आज जे धरण उभं आहे ते आपल्या कल्पनेतही भारताने बांधलं असतं, आणि रामदुर्गच्या लोकांनी कोरड्या पात्रात झरे उकरले असते. एकाच देशाने एका नदीवर दरडावायचं आणि दुसऱ्या नदीवर हात जोडायचे. आज म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा भांडतात, तीही नदी खानापूर तालुक्यातच उगवते. दोन राज्यांत एवढं तापतं, तर दोन देशांत काय झालं असतं बघा.

आता जे लिहायचं ते जरा जपून लिहितो, कारण ते आपल्या जिव्हाळ्याचं आहे. हा संघ कुठल्या भाषेचा झाला असता? राजे पटवर्धन, भावे, भोसले, निंबाळकर. दप्तर मराठी. पण रामदुर्ग, शिरहट्टी, लक्ष्मेश्वर, तेरदाळ या भागांत घरोघर कन्नड. रामदुर्गच्या प्रजेचा असंतोष तर जुना, १९३९ मध्ये तिथल्या चळवळीला रक्तरंजित वळण लागलं होतं. संघ टिकला असता तर रामदुर्गच्या शेतकऱ्याच्या हातात उतारा मराठीत पडला असता. कचेरीत गेला की साहेब मराठी. बसवरची पाटी मराठी. पोराने कन्नड शाळा मागितली की फाइल पुढच्या वर्षी.

हे ओळखीचं वाटतं ना? १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण इथे हेच सोसतो आहोत, फक्त भाषेची नावं उलट. एक चंदगड तालुका सोडून सगळा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला, माणसं गेली, त्यांच्यापुढे आपण दरवर्षी मान झुकवतो. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला तरी वाद मिटला नाही, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठीत कागद मागायला आपल्या वडिलांची उमर गेली. मी मराठी माणूस आहे, माझी बाजू मला ठाऊक आहे आणि ती मी सोडणार नाही. पण संघाचा नकाशा रचताना रामदुर्गच्या त्या न घडलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं, तेव्हा त्याचं दुखणं मला सांगावं लागलं नाही. ते माझ्या घरात पाठ आहे.

संघाच्या बाजूने एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. त्यात औंध होतं. एवढंसं संस्थान, पण राजाने आपणहून सत्ता खाली सोडली आणि १९३९ च्या घटनेने गावच्या पंचायतीच्या हाती कारभार दिला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची बिनभिंतींची वसाहत केली. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचं दुकान आणि छोटा कारखाना चालवत होते. तिथून जागा सोडायची वेळ आली तेव्हा १९१० मध्ये औंधच्या राजाने कुंडलचा माळ दिला, आणि निवडुंग-सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या संघाकडे लोखंडी नांगर आणि पंप स्वतःचे असते. औंधच्या वळणावर सगळा संघ गेला असता तर रामदुर्गच्या गावानेही आपल्या भाषेत कारभार चालवला असता, ही शक्यता उरते. पण कोल्हापूर, सांगली, मिरज यांनी एवढ्याशा औंधचं ऐकलं असतं का? माझ्या मते नाही. मोठ्यांनी छोट्यांचं ऐकण्यासाठी संघ करत नाहीत.

मग हा देश संपतो कसा? बरेच जण इथे युद्ध घालतात. मला त्याची गरज दिसत नाही. माझ्या हिशेबाने सगळ्यात आधी शहापूर फुटलं असतं. पहिल्या पावसाळ्यात मागांचं सूत भिजलं, नाक्यावर अडकलं, दिवाळीला साड्या पोचल्या नाहीत, आणि पेठेतल्या पंचांनी बेळगावच्या कलेक्टराकडे अर्ज दिला, आम्हाला आत घ्या. त्यांच्या मागोमाग रायबाग, मग शिरहट्टी. कडेचे टाके उसवत उसवत मधे कोल्हापूर, मिरज आणि सांगली एवढं उरलं असतं. मिठाच्या गाड्यांसाठी त्यांनाही शेवटी सहीला बसावं लागलं असतं.

खऱ्या जगात काही उसवावं लागलं नाही. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. आपण सांगलीचे उरलो नाही तो दिवस आठवतो का, असं मी तिला खूपदा विचारलं. तिला नाही आठवायचं. त्या दिवशीही कुणीतरी सूत आणायला गेलंच असेल, म्हणायची. आणि पिशवी उचलून, चपला घालत, दारातून आत सांगायची, “बेळगावात जाऊन येतो गं.”